फायबरच्या मॉडेल बोटीला टिकाऊ रंग : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या फायबरच्या बोटीचा पांढरा रंग चार दिवस झकास दिसला. पाचव्या दिवशी पाणरेषेखाली लाल पट्टा मारायचा म्हणून मास्किंग टेप लावला, लाल मारला, टेप ओढला, आणि टेपबरोबर पांढराही निघून आला. दुधावरची साय चमच्याला लागून येते तसा, हातभर लांब, अखंड. खालचं फायबर चकचकीत, जणू तिथे रंग कधी लागलाच नव्हता.

मी रंगाला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, जुलैच्या हवेला दिल्या. पुढे कोकणात फायबरच्या मासेमारी होड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये जाणं झालं, तिथल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "धुतली होतीस का?"

"पुसली होती ना, नीट."

"पुसलीस म्हणजे साच्याचं मेण होतं ते सगळीकडे सारखं लावलंस."

त्यानंतर तीन बोटी केल्या. एक पुन्हा बिघडली, दोन अजून पाण्यात आहेत. साधारण ६० सेंटिमीटर ते सव्वा मीटर लांबीची रिमोटची बोट, घरी कॉम्प्रेसर नाही, रंगकामाची सवय नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय.

१. बोट नक्की कशाची आहे ते ओळखा

'फायबर बॉडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार बोटींतल्या बऱ्याच एबीएस प्लास्टिकच्या असतात. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, ॲसिटोनचा कापूस काही सेकंद टेकवा. जागा चिकट झाली तर प्लास्टिक आहे. पुढचं अर्धं मार्गदर्शन तिला लागू नाही आणि कडक थिनर तर तिच्या जवळही नेऊ नका. फायबरला काही होणार नाही.

फायबर असेल तर दुसरा प्रश्न : पॉलिएस्टर रेझिनची की एपॉक्सीची? आत एका कोपऱ्यात पॉलिश पेपर जरा घासा. पॉलिएस्टर असेल तर फायबरच्या कारखान्यात येतो तो गोडसर उग्र वास येतो, स्टायरिनचा. एपॉक्सी घासताना तसा वास येत नाही. हे कळणं गरजेचं आहे, कारण पॉलिएस्टरवर एपॉक्सी धरते, पण एपॉक्सीच्या बोटीवर पॉलिएस्टर जेलकोट मारला तर तो नीट वाळत नाही आणि नीट धरतही नाही. दुरुस्तीच्या वेळी नवखे हमखास इथे फसतात.

तिसरं, बाहेरून जेलकोट आहे का? साच्यात सगळ्यात आधी मारलेला रंगीत, गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट. बोट आतून पारदर्शक-पिवळसर आणि बाहेरून एकसारखी पांढरी किंवा रंगीत असेल तर बहुतेक तोच. बाहेरूनही कापडाची वीण दिसत असेल तर जेलकोट नाही.

कारखान्यातून ताजी आणलेली पॉलिएस्टरची बोट वासावरून कळते. तो वास जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, तिला सपाट आधारावर मोकळ्या हवेत ठेवा. रेझिन अजून आकसत असताना रंगवलीत तर महिन्याभराने चकचकीत रंगाखालून कापडाची वीण वर उठलेली दिसते.

२. रंगवायचीच आहे का?

आधी हे विचारा. जेलकोट शाबूत असेल आणि रंग चालण्यासारखा असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी मेण. झालं. खऱ्या होड्यांवर जेलकोट अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, गाडीच्या रंगावर मारतात त्या पारदर्शक थराच्या, म्हणजे क्लिअर कोटच्या, कितीतरी पट जाड. मॉडेलवर तो पातळ मारलेला असतो, तरी दगडाला घासून पडणारा ओरखडा झेलायला बऱ्याच रंगांपेक्षा तोच बरा. फक्त कडांवर आणि पुढच्या टोकावर हात हलका ठेवा, तिथे तो पटकन घासून जातो.

माझ्या दोन चांगल्या बोटींपैकी एक अशीच आहे, रंग न मारलेली. बघणारे विचारतात, कुठून रंगवून घेतली?

३. कोणता रंग?

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच. दुकानात गेलात तर 'फायबरला कुठलाही चालतो' असं उत्तर मिळतं आणि ते खोटंही नाही. लागतात सगळे, प्रश्न टिकण्याचा आहे.

ऑइल पेंट, म्हणजे खिडक्या-ग्रिलना मारतो तो सिंथेटिक इनॅमल. याला नाकं मुरडू नका. बॅटरीवर चालणाऱ्या बोटीला, नीट घासलेल्या प्रायमरवर, चांगल्या मऊ ब्रशने दोन पातळ हात दिले तर दोन-तीन वर्षं सुखाने जातात. वाळायला मात्र वेळ घेतो. हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर स्टँडवर ठेवलेल्या बोटीवर स्टँडच्या पट्ट्यांचे ठसे उमटतात. पांढरा असेल तर सावलीत, कपाटात ठेवला की पिवळट पडतो.

स्प्रेचा साधा डबा, म्हणजे ॲक्रिलिक. मारायला सगळ्यात सोपा, अर्ध्या तासात कोरडा. तो फक्त थिनर उडून वाळतो, त्यामुळे पुन्हा थिनर लागला की पुन्हा विरघळतो. ओरखडा पटकन पडतो. बॅटरीच्या बोटीला चालेल. नायट्रो इंजिन असेल तर नको. त्या इंधनात मेथेनॉल असतं, टाकी भरताना सांडलेला एक थेंब रंगात ओघळ कोरून जातो. पेट्रोल इंजिनवाल्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुने गॅरेजवाले अजून काढून देतात. स्प्रेच्या डब्यासारखाच, वर पॉलिश करून सुंदर चमकतो, पण ठिसूळ. आणि पावसाळ्यात मारला तर हवेतला ओलावा रंगात अडकून पांढरी भुकटी बसल्यासारखा धूसर होतो.

टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन. गाड्यांना हाच असतो. नुसता वाळत नाही, रासायनिक क्रिया होऊन पक्का होतो, म्हणून नंतर थिनर, पेट्रोल, मेथेनॉल सांडलं तरी तग धरतो. ऊन सोसतो, थोडा लवचिक असतो, पॉलिश करता येतो. टिकण्यात याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. त्याची मोठी खोट त्याच्या हार्डनरमध्ये आहे : त्यात आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्या वासानेही त्रास होतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिज फिल्टरचा मास्क बरा, पण फिल्टर संपला हे वासावरून कळत नाही, कारण आयसोसायनेटचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. रंगकामाच्या बूथमध्ये नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात तो याचसाठी. बाल्कनीत, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांसमोर, हा उद्योग करू नका. तळाशी बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-केचे स्प्रे डबेही मिळतात. त्यांतही तेच रसायन आहे, छोट्या डब्यात आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही.

एपॉक्सी रंग चिकटतो जबरदस्त, पाणी अडवतो, पण उन्हात पिवळा पडतो आणि त्याच्यावर खडूसारखी पूड धरते. म्हणून तो प्रायमर म्हणून खाली उत्तम, वर एकटा नको. वीण दिसणारी पारदर्शक एपॉक्सीची बोट तशीच ठेवायची असेल तर तिच्यावरही ऊन अडवणारा पीयू क्लिअर लागतोच.

राहिला ब्रशने मारायचा जेलकोट. साच्याबाहेर मारलेला साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतो; त्यात मेणाचं द्रावण मिसळावं लागतं, मग तासन् तास घासकाम. पुन्हा, आपल्याकडे रेझिनबरोबर दोन बाटल्या वेगळ्या मिळतात, कोबाल्टचं ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हे कॅटलिस्ट. या दोन बाटल्यांतलं द्रव्य एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये ढवळून पूर्ण मिसळायचं, मगच कॅटलिस्ट, साधारण १ ते २ टक्के. कॅटलिस्ट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. पहिल्या बोटीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

माझं म्हणणं असं : घासणं, धुणं, पुट्टी, प्रायमरचं घासकाम सगळं घरी करा आणि फवारणी गल्लीतल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजकडून टू-के पीयूमध्ये करून घ्या. वेळ खाणारं काम तुमचं, धोक्याचं काम बूथ आणि मास्क असणाऱ्याचं. गॅरेज हाताशी नसेल तर ऑइल पेंट आणि धीर.

एक चूक टाळा : समुद्री रंगाच्या दुकानातून 'अँटीफाउलिंग' आणू नका. ते महिनोन् महिने पाण्यात उभ्या असणाऱ्या होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून असतं. आपली बोट अर्ध्या तासाने डिकीत जाते. बऱ्याचदा हे रंग मुद्दाम मऊ, झिजणारे केलेले असतात, शिवाय विषारी.

४. सामान

भांडी घासायचं साधं लिक्विड आणि हिरवी घासणी. तारेची घासणी नको, तिचे बारीक तुकडे फायबरमध्ये रुततात आणि रंगाखाली गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल. वॉटर पेपर २२०, ३२०, ४००, ६०० नंबरचे, प्रत्येकी दोन-तीन; पुढे पॉलिश करायचं असेल तर १५०० आणि २०००. घासायला रबरी ठोकळा, नाहीतर जाड खोडरबर. पॉलिएस्टर पुट्टी, जिला गॅरेजवाले मेटल पेस्ट म्हणतात. नायट्राइल हातमोजे. धुळीसाठी एन-९५, चष्मा. जुन्या सुती बनियनच्या चिंध्या. नवं कापड नको, त्याला खळ असते. कागदी मास्किंग टेप आणि एक बारीक प्लास्टिकचा फाइनलाइन टेप. छोटा डिजिटल वजनकाटा.

वजनकाटा कशाला ते सांगतो. एक मीटरच्या बोटीचं बाहेरचं क्षेत्रफळ ढोबळमानाने ०.४ चौरस मीटर धरा. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून वाळलेला थर ०.१५ मिलिमीटर झाला तर ६० घनसेंटिमीटर रंग अंगावर बसतो, म्हणजे ७०-८० ग्रॅम. हात जड असेल तर त्याच्या दुप्पट. मालवाहू जहाजाच्या मॉडेलला याने काही फरक पडत नाही, पण वेगाच्या किंवा शिडाच्या बोटीला पडतो. आयओएम या आंतरराष्ट्रीय एक मीटर वर्गाच्या बोटीचं किमान वजन ४ किलो आहे. तिथले लोक अंगावरचा प्रत्येक ग्रॅम मोजतात, कारण तेवढंच वजन त्यांना खाली हवं असतं.

५. आधी भोकं, मग धुणं

प्रोपेलरच्या दांड्याची नळी, सुकाणूची नळी, पाणी घेण्याचं भोक, हे सगळं रंगाआधी पाडा आणि बसवा. कापलेल्या फायबरची कड उघडी राहिली तर धाग्यांमधून पाणी आत शिरतं, म्हणून प्रत्येक भोकाच्या कडेला एपॉक्सीचा हात द्या. रंगानंतर ड्रिल लावणारा माणूस मी होतो. भोकाभोवती सुपारीएवढा रंग उडाला.

आता धुणं. सगळा लेख विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

बोट साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात आणि बऱ्याचदा त्यावर पीव्हीएचा पातळ पापुद्रा. पीव्हीए पाण्यात विरघळतो, मेण विरघळत नाही. म्हणून क्रम असा : कोमट पाणी, लिक्विड, घासणी, संपूर्ण बोट, मग भरपूर पाण्याने धुणं. हे दोनदा. वाळली की अल्कोहोलचा बोळा एका हातात, कोरडी चिंधी दुसऱ्या हातात. ओल्याने एका दिशेने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत कोरड्याने उचलायचं. चिंधी सारखी बदलायची. एकच चिंधी फिरवत राहिलात तर काकांचं म्हणणं खरं ठरतं.

पॉलिश पेपर याच्या आधी अजिबात लावू नका. मेण असताना घासलं तर पेपर मेणाला ओरखड्यांच्या आत दाबतो, मग ते निघणं महाकठीण.

एपॉक्सीच्या बोटीला साच्याचं मेण नसलं तरी, विशेषतः थंडीत किंवा दमट हवेत केलेली असेल तर, वर तेलकट-मेणचट साय येते. ती हार्डनरमधून वर आलेली असते आणि पाण्यानेच जाते. तिथेही आधी पाणी आणि घासणी, मग पेपर.

धुतली गेली की नाही हे पाणीच सांगतं. बोट नळाखाली तिरकी धरा. पाणी अख्ख्या अंगावर एकसंध पडदा होऊन राहिलं तर स्वच्छ. कुठे पडदा फाटून थेंब गोळा होत असतील, अळूच्या पानावर होतात तसे, तर तिथे मेण किंवा तेल आहे. त्या जागेवर खूण करून ठेवा आणि पुन्हा धुवा. माझ्या दुसऱ्या बोटीच्या पुढच्या टोकाला पाच वेळा धुवावं लागलं, कारण साच्याच्या त्या अरुंद खाचेत मेण साठलेलं होतं.

इथून पुढे बोटीला उघडा हात लावायचा नाही. डोक्याला तेल लावून त्याच हाताने बोट उचललीत की रंगात मोहरीएवढे गोल खड्डे पडलेच समजा. घरात कुणी डॅशबोर्डचा किंवा टायरचा चमकवायचा स्प्रे मारत असेल तर त्या दिवशी रंगकाम नको; त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन बसतं आणि तेच खड्डे पाडतं.

६. घासणं आणि पुट्टी

फायबर कोरडं घासू नका. पाण्यात भिजवलेला ३२० चा पेपर, ठोकळ्यावर गुंडाळून, पूर्ण बोट मंद दुधी दिसेपर्यंत. चमकणारा एकही ठिपका राहता कामा नये. तो ठिपका म्हणजे रंग न धरणारी जागा. घासून झाल्यावर आधी थंड पाण्याने हात धुवा, गरम पाण्याने आणि चोळून नाही, नाहीतर फायबरची कुसं त्वचेत रुतून रात्रभर खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला आणि तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. हे मला बायकोने शिकवलं, फार गोड शब्दांत नाही.

सुईच्या टोकाएवढी भोकं जेलकोटमध्ये असतातच. त्यांत पुट्टी वरवर फिरवली तर आत हवा राहते आणि उन्हात ती फुगून रंगाला फोड येतो. भोक आधी टाचणीने किंवा पेपराच्या दुमडलेल्या कोपऱ्याने मोठं करा, मग पॉलिएस्टर पुट्टी दाबून भरा. ट्यूबमधली, हार्डनर न लागणारी एनसी पुट्टी सोयीची असते पण आकसते; केसाएवढ्या ओरखड्यापुरतीच वापरा.

७. प्रायमर

रेड ऑक्साइड नको. तो लोखंडाचा. गॅरेजमध्ये सवयीने पत्र्याचा वॉश प्रायमर काढतील, तोही धातूचा. फायबरला टू-के एपॉक्सी प्रायमर किंवा टू-के सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा जाड प्रायमर. ऑइल पेंटचा मार्ग घेतला असेल तरी खाली एपॉक्सी प्रायमर असेल तर उत्तम. एपॉक्सी प्रायमरचे हार्डनर सहसा आयसोसायनेटचे नसतात आणि तो ब्रशने मारता येतो, पण डबा वाचा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

करड्या प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा दुरून मारा, मिरपूड भुरभुरावी तसा. मग ४०० ने ओलं घासा. उंचावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. डोळ्याला न दिसणारे सगळे खड्डे नकाशासारखे समोर येतात. भरा, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासा. दोन फेऱ्या पुरतात. तिसरी फेरी मनाच्या समाधानासाठी असते आणि वजनात भर घालते.

८. रंगाचा दिवस

महिना बघून ठरवा. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत फवारणी नको, बूथ बंद आणि कोरडा असेल तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबरचं ऊन याच कामासाठी असतं असं माझं मत झालंय. पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी-रात्री गारठा असतो, तेव्हा टू-के फार सावकाश पक्का होतो, दुपारी मारा.

गॅरेजवाल्याला आधी बोट नेऊन दाखवा. मोटार, पाइप, सर्किट काढून, भोकं आतून टेपने बंद करून, आणि बोट धरायला आतून एक लाकडी दांडका बसवून न्या. तो रंगवताना बोट कशाने धरणार, हा प्रश्न त्याला पडू देऊ नका. त्याच्याकडे गाडी चालू असेल त्याच दिवशी तोच रंग घेतलात तर काम स्वस्तात आणि पटकन होतं. पांढरा नेहमीच चालू असतो. सांगायच्या गोष्टी तीनच : पातळ हात, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ, आणि 'भट्टीत घालू नका'. पत्र्याला भट्टीची उष्णता चालते, पॉलिएस्टरची पातळ बोट तिथे वाकडी होते.

रंगाची निवड तुमची, पण दोन शब्द ऐका. काळा आणि गडद निळा एप्रिलच्या उन्हात इतके तापतात की फायबर मऊ पडून वीण वर दिसायला लागते. शिवाय तलावाच्या हिरवट-काळ्या पाण्यावर शंभर फुटांवर काळी बोट कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळत नाही. पिवळा, नारिंगी, पांढरा कळतो.

ऑइल पेंट घरी मारणार असाल तर अंगणात सडा घालतो तसं आधी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. पंखा बंद. डास चिकटला तर ओल्यात काढायला जाऊ नका. पूर्ण वाळल्यावर १५०० च्या पेपरने तो निघतो आणि खूणही राहत नाही.

आणि एका जातीच्या रंगावर दुसऱ्या जातीचा मारायचा मोह टाळा. माझी तिसरी बोट अशी गेली : आठवड्यापूर्वीचा ऑइल पेंट, वरून चमक हवी म्हणून कडक थिनरवाला क्लिअर. दहा मिनिटांत रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुरकुतला. जुनी बोट हाती आली असेल तर आधी एनसी थिनरची चिंधी कोपऱ्यात टेकवा. रंग विरघळून चिंधीला आला तर साधा स्प्रे किंवा एनसी. फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर टू-के, त्याला ४०० ने घासून वरून मारता येईल.

९. पाणरेषा आणि नावं

बोट बॅटरीसकट सगळं सामान ठेवून टबात तरंगवा, पाणी लागतं तिथे पुढे-मागे खुणा करा. मग सपाट टेबलावर खुणा एका उंचीला येतील अशी बोट आधारावर बसवा आणि ठोकळ्यावर पेन्सिल बांधून तो ठोकळा टेबलावरून बोटीभोवती फिरवा. डोळ्याच्या अंदाजाने टेप लावलात तर एका बाजूची रेष दुसऱ्या बाजूशी कधीच जुळणार नाही.

आधी फाइनलाइन टेप, त्याच्या बाहेर कागदी. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग एक हलका हात मारा, म्हणजे फट बुजते आणि लाल रंग आत झिरपत नाही. लाल मारल्यावर टेप रंग कडक व्हायच्या आत, मागे दुमडून, सावकाश काढा.

नाव आणि नंबर रेडियमवाल्याकडून कापून घ्या, बाइकच्या नंबरप्लेटचं करतात तेच. साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवा. स्टिकर क्लिअरच्या वरच लावा. खाली लावून वर क्लिअर मारला की कडा उचलतात, निदान माझ्या तरी उचलल्या.

१०. थांबा

टू-के दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागतो. पाण्यात मात्र आठवड्याने. ऑइल पेंटला तीन आठवडे द्या.

रंग धरला की नाही याची परीक्षा बोटीवर करू नका. सुरुवातीपासून फायबरचा एक हातभर तुकडा बरोबर ठेवा, प्रत्येक टप्प्यावर त्याच्यावरही तेच करा. शेवटी ब्लेडने त्याच्यावर उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारून चौकटी पाडा, चिकट टेप दाबून लावा, झटक्यात ओढा. रंगाच्या कारखान्यांतही हीच चाचणी करतात, आयएसओ २४०९ या नावाने. चौकटी जागेवर राहिल्या तर बोट पाण्यात सोडायला हरकत नाही. उडाल्या तर पाचव्या पायरीवर परत या.

११. पाण्यात गेल्यावर

आपल्या तलावांना दगडी घाट असतात आणि रंग जातो तो तिथे, पाण्यात नाही. पुढच्या टोकाला आणि तळाच्या मधल्या रेषेला पारदर्शक जाड फिल्मची पट्टी लावा, मोबाइलवाले किंवा गाडीवाले लावतात ती. खराब झाली की सोलून नवी.

खाडीत किंवा समुद्रात चालवलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आतूनही. बोअरच्या पाण्याने धुतलीत तर पुसून कोरडी करा, नाहीतर पांढरे डाग बसतात. मेण लावायचं तर सिलिकॉन नसलेलं, कारण पुढेमागे ठिगळ मारायचं झालं तर तेच आड येतं.

ओरखडा फायबरपर्यंत गेला असेल तर तसाच चालवू नका. वाळवा, ४०० ने घासा, एपॉक्सीचा थेंब, मग रंग. त्यासाठी उरलेला रंग हार्डनर न मिसळता काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवा. अर्धी बाटली ठेवली तर वर साय धरते. आणि रंगाचा नंबर, तारीख, कोणता प्रायमर, किती हात, हे सगळं बोटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. माझ्या एका बोटीवर ते लिहायचं राहिलं, आणि आता तिच्या उजव्या कुशीवर वेगळ्या पांढऱ्याचा ठिपका आहे.